पळणारी पाठ

५ नोव्हेंबर
अबोला! आजपासून ह्यांच्याशी पक्का अबोला.

दसऱ्याला देवगाव फाट्याजवळ आमची जीप उलटली. त्यातलं मला एवढंच आठवतं – मी खाली पडलेय, अन् माझा नवरा, शिवप्रकाशराव, मला टाकून कापसाच्या रानात पळत सुटलेत! नुसती पाठ. त्याच्या आधीचं न्हाई, नंतरचं न्हाई, एकदम परभणीचा दवाखाना. कुठं हॉर्न वाजला की परत तीच पाठ, अन् मला घाम फुटतो.

इतक्या वर्षांचा संसार, अन् असं पळावं? लय राग येतो. रडू बी येतं.

६ नोव्हेंबर
अबोला धरलाय हेच विसरले! दुपारपर्यंत ह्यांच्याशी खिदळत बोलत बसले. आठवलं तवा तोंडात ह्यांनीच आणलेली जिलेबी. थुंकणार कशी? ती संपवली, मग अबोला.

८ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणले, "मनाला धक्का बसला की असं होतं. भीतीचं तेवढं लख्ख राहतं, आजूबाजूचं गळून जातं. रोजचंही लक्षात राहत नाही. वेड नाही हे. उपचार आहेत." ह्यांना बाजूला घेऊन बजावलं, ते मला ऐकू आलंच – अपघाताचा विषय तुम्ही काढायचा नाही, त्यांनी काढला तरच बोलायचं.

वा! पळणाऱ्याला आयती सूट!

१० नोव्हेंबर
ह्यांच्या चहात मुद्दाम मीठ टाकलं. टाकलं का न्हाई आठवेना, म्हणून परत टाकलं. ह्यांनी मुकाट्यानं कप संपवला. "बरा झालाय." सासूबाईंनी कपाच्या तळाशी राहिलेला थेंब चाखला अन् ओरडल्या, "वैजयंती, माझ्या लेकाचं लोणचं घालायलीस का गं?"

११ नोव्हेंबर
चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. डब्यात कशाला बघायला गेले होते, ते काही आठवलं न्हाई.

१३ नोव्हेंबर
तोंडावर विचारायचं धाडस होईना. "हो, पळालो," म्हणले तर? मग कसं राहायचं ह्या घरात?

म्हणून बॅग भरली, ताडकळसला माहेरी निघाले. मानवतच्या स्टँडवर एसटीनं हॉर्न दिला अन् परत तीच पाठ. तिथंच खाली बसले. डोळे उघडले तर हे समोर, हातात बॅग. "चल घरी." घरी येऊन बॅग उघडली – आत नुसते उशांचे अभ्रे! लुगडं एक न्हाई!

हसूच आलं. पण अबोला चालूच.

१४ नोव्हेंबर
पूजेआधी गळ्यातल्या इष्टलिंगाची – आमी लिंगायत, ते कायम अंगावर असतं – चांदीची डबी घासायला घेतली. खाचेत काळी माती.

अगं बाई! त्या मातीनं सगळं आठवलं. जीप उलटली तवा दोरा तुटला, डबीसकट लिंग उडून रानात गेलं. लिंग अंगावर नसताना पाण्याचा थेंब घेत न्हाई आमी. हे मला उचलायला वाकले, डोळ्यांत पाणी, अन् मीच किंचाळले – "मला राहू द्या! आधी माझं लिंग शोधा! पळा म्हणते ना!"