मानेवरचा चौकोन

मु. बिरसी, ता. २० डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप भैयाजीमामांना भाचा दुधराम याचा दंडवत. तुमचा खोकला, मामींचा गुडघा आणि काळी म्हैस (क्रम मामींनी लावावा) ठीक असतील अशी आशा करतो. माझ्या मानेतली गाठ कर्करोगाची निघाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेविसाव्या वर्षी म्हाताऱ्यांचा रोग झाल्यामुळे गावात माझा मान मात्र वाढला आहे.

नागपूरच्या डॉक्टरांनी मानेवर जांभळ्या शाईने चौकोन काढला आणि बजावलं, विजेचा शेक रोज नेमका इथेच द्यायचा, रेघ पुसू द्यायची नाही. मधल्या चार दिवसांच्या सुटीत मी घरी आलो, ती चूक झाली. धानाची कापणी चालू होती. मला नुसतं बांधावर बसवलं होतं, पण घाम बसल्या माणसालाही येतो. रेघ फिकट होऊ लागली. तुमच्या बहिणीने सरळ गोंदणाऱ्या तुलसाबाईला बोलावलं. मी नको नको म्हणत होतो, तर आई म्हणाली, "शाई पुसून राहिली, गोंदन का पुसते? चूप बस." दोन काकांनी मला धरलं आणि चौकोन जन्मभराचा झाला. वर तुलसाबाई विचारते, "घर रिकामं कायले ठेवता बाबू? आत कोनाचं नाव टाकू?" मी ओरडलो, ती जागा डॉक्टरांची आहे!

डॉक्टर आधी मला, मग आईला आणि शेवटी सबंध तालुक्याला रागावले. मग पट्टी लावून मोजलं. चौकोन तंतोतंत होता. जखम सुकेपर्यंत आठवडाभर शेक बंद राहिला (गोंदण चितेपर्यंत सोबत येतं म्हणतात, त्या आठवड्यात मला ते फार आठवलं. खरंच घाबरलो होतो, मामा). पण शेक पुरे झाले. गाठ आता बोटाला लागत नाही. पाच वर्षं दाखवत राहायचं, पण तू बरा होशील असं मला वाटतं, असं डॉक्टर स्वतः म्हणाले. आई तेव्हापासून श्रेय तुलसाबाईला देते.

तुमचा,
दुधराम

ता. क. प्रेमिलाशी झालेलं माझं साक्षगंध मोडावं म्हणून सालेकशाला तिच्या वडिलांना द्यायला जी चिठ्ठी मी तुमच्याकडे दिली होती, ती अजून खिशात असेल तर चुलीत घाला. दिली असेल तर तुम्हीच जाऊन परत आणा. बोलणी खावी लागतील, पण तुम्हाला मामींमुळे सवय आहे.

आणखी ता. क. प्रेमिलाला रोग, पाच वर्षं, सगळं खरं सांगा आणि मगच विचारा. तुलसाबाई मंगळवारी येते. मनगटावर जागा राखली आहे, पण प्रेमिलाचा होकार आल्याशिवाय बाही वर करणार नाही. सुईला मी अजून भितो, हेही तिला सांगा.