खसखस नको, गोळ्या नकोत

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आल्या एकदाच्या! सुधीरच्या आई पहिल्यांदाच कुवेतला आल्या. एकट्या विमानात बसायला तयारच नव्हत्या, म्हणून सुधीर मिरजेला जाऊन घेऊन आला. अनारसे आणलेत, पण बिनखसखशीचे, बोडके! मीच फोनवर पुन्हापुन्हा बजावलं होतं — खसखस नको, गोळ्या नकोत. इथे खसखस म्हणजे अफूच धरतात. पुरचुंडीभर खसखशीपायी इथल्याच मंगफ भागातल्या एका कुटुंबाची पाचावर धारण बसली होती, ते ऐकल्यापासून इथली प्रत्येक बाई माहेरच्या डब्यांची आधी झडती घेते.

आईंनी झोपेच्या गोळ्या पर्समध्ये घातल्याच होत्या. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. सुधीरने मुंबईच्या विमानतळावरच त्या काढून घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकल्या म्हणे. वाचलो! आईंचा चेहरा मात्र उतरलेला. एक तरी स्ट्रिप ठेवू द्यायची होती, म्हणाल्या. मी म्हटलं, आता हवा छान झालीय, सकाळ-संध्याकाळ फिरा, आपोआप झोप लागेल. पूर्वीने तिची खोली आजीला दिली. "आजी, यू कॅन हॅव माय रूम" — मराठीत बोल म्हटलं तर खांदे उडवून गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

समुद्रावर जायचं ठरलं होतं. आई आल्याच नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही म्हणे. चहाचा कप हातात थरथरून बशीत सांडला. जागा बदलली की होतं असं. सुधीर मात्र ढाराढूर! दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, त्यानंतर कधीतरी त्याला अशी झोप लागायला लागली. मला तर हेवाच वाटतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज आईंचं काही खरं नाही. मिक्सर लावला तर कानांवर हात ठेवून ओरडल्या. एसी चालू आणि ब्लाउज घामाने चिंब. पूर्वी गाणं लावून नाचत होती तर तिच्यावर खेकसल्या. पोरगी रडत माझ्याकडे आली. सुट्टीचा दिवस नुसता नासला.

मी वैतागून म्हटलं, "गोळीची सवय झाली असेल तुम्हाला."

"सवय? मी काय तुझा भाऊ आहे?"

झालं! बारा वर्षांनी पुन्हा नीरज. माझा भाऊ प्यायचा, म्हणून आमच्या लग्नात यांनी त्याला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. माझ्या आईसमोर! आता चार वर्षं झाली, थेंबाला शिवलेला नाही तो. यांच्या लेखी अजून व्यसनीच. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली.

संध्याकाळी म्हणाल्या, भिंतीवर मुंग्या चालल्यात. एकही मुंगी नव्हती. मी फडक्याने भिंत पुसून दाखवली, तरी बघतच राहिल्या. मला खरंच भीती वाटली. सुधीरला म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. तो म्हणाला, प्रवासाचा शीण आहे, होईल दोन दिवसांत ठीक. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोनमध्येच डोकं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं त्राण नाही. तरी लिहिते.

पूर्वी शाळेत, सुधीर प्लांटवर. आई मेथी निवडायला बसल्या होत्या. मी पाठमोरी. धप्प आवाज आला. वळून बघते तर खाली पडलेल्या, डोळे पांढरे, सगळं अंग झटके देतंय, तोंडातून फेस. मेथी सगळीकडे. अर्धांगवायू झाला असंच मला वाटलं. दार उघडून किंचाळले. समोरच्या बिल्कीसभाभी धावत आल्या, रत्नागिरीच्या, कधी आवाज चढत नाही त्यांचा. आईंना कुशीवर वळवलं, मी चमचा तोंडात घालायला निघाले होते तो हातातून काढून घेतला. अँब्युलन्सला फोन त्यांनीच लावला, पत्ता अरबीत त्यांनीच सांगितला. मी नुसती "आई, आई" करत होते.

कॅज्युअल्टीत पहिलाच प्रश्न — कुठलं औषध घेतात? मी म्हटलं, काही नाही. बीपीसुद्धा नाही. दुसरा प्रश्न — कुठलं औषध बंद केलं?

आणि मला विमानतळावरचा तो कचऱ्याचा डबा आठवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आई शुद्धीवर आल्या. देवा!

डॉक्टरीणबाई इजिप्शियन, माझ्याच वयाच्या. गोळीचं नाव हवं होतं. सुधीरने ताडकन सांगितलं. नाव, ताकद, सगळं. एकदाच तर बघितली असेल, पण नशीब, लक्षात होती.

त्यांनी समजावलं ते मी मघापासून मनात घोळवतेय. रोजची झोपेची गोळी म्हणजे मेंदूला बाहेरून लावलेला ब्रेक. वर्षानुवर्षं तो बाहेरून मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक लावायचं विसरतो. मग एके दिवशी गोळी काढून घेतली की सगळं सुसाट — थरथर, घाम, नसलेल्या मुंग्या, आणि मग फिट. "दारू एकदम सोडतानाही असंच होतं," त्या म्हणाल्या, "माणूस दगावू शकतो."

दगावू शकतो! आणि मी काय सांगितलं होतं? हवा छान आहे, फिरा!

नीरजचंही आठवलं. त्याने मनानेच दारू बंद केली तेव्हा असाच थरथरत होता, आणि आम्ही सगळे म्हणत होतो, नाटकं करतोय. जगला हेच नशीब.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईंना विचारलं, कधीपासून घेता? त्या छताकडे बघत म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. म्हणजे आमची पूर्वी जन्मली त्याच्याही आधी! तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती. पुढे कोपऱ्यावरचा दुकानदार न विचारता देत राहिला. आधी अर्धी, मग एक, मग दोन. उपास मोडला नाही, पण गोळी चुकवली नाही. आणि घरात कुणाला पत्ता नाही!

डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी मराठीत करून सांगत होते. 'ॲडिक्शन'पाशी अडखळले. आईंना तेवढं इंग्रजी कळतं. एकदम ताठ बसल्या.

"मी व्यसनी नाही. मी गोळी घेते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, शब्द कुठलाही वापरा, शरीर अवलंबून आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण लपवण्यासारखंही नाही. आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "नीरज कसा आहे गं?"

बारा वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आवरेना, बाहेर जाऊन रडले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मला वाटलं होतं एखादं इंजेक्शन देतील आणि संपलं. छे! त्याच जातीचं, पण सावकाश उतरणारं औषध पुन्हा सुरू केलंय. ते हळूहळू कमी करायचं. काही महिने, कदाचित वर्ष. घाई केली की पुन्हा फिट. बरोबर समुपदेशन, झोपेच्या सवयी, दुपारचा चहा बंद. इथे ओपीडीत दाखवत राहायचं, नाहीतर त्यांचं पत्र घेऊन मिरज-सांगलीला मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. तब्येत बिघडली तर परत वॉर्ड. काहीही केलं तरी — हे त्यांनी बोट वर करून सांगितलं — स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आणि गोळ्या घरातल्या एकाच माणसाने कुलपात ठेवायच्या.

मी ठेवीन म्हटलं. सुधीर म्हणाला, माझ्याकडे राहू दे. तुझी शिफ्ट असते, म्हटलं. एवढ्यावर भडकला! हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, लोकांसमोर. जागरणाने त्याचंही डोकं ठिकाणावर नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आई घरी. वरणभात जेवल्या. रविवारी ओपीडी.

संध्याकाळी त्यांनीच नीरजला फोन लावायला सांगितला. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मुद्दाम बाल्कनीत गेले. फोन परत देताना म्हणाल्या, "तो म्हणतो, पहिले दिवस सगळ्यात वाईट असतात."

२२ नोव्हेंबर, शनिवार

पूर्वीला चार्जर हवा होता म्हणून मी सुधीरच्या ऑफिसबॅगेत हात घातला. आतल्या कप्प्यात स्ट्रिप्स. मिरजेच्या दुकानाचा शिक्का असलेलं पाकीट. विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकल्या म्हणाला होता त्याच! निम्म्याहून जास्त रिकाम्या.

आई पलंगावरून बघत होत्या. त्यांनीच सांगितलं. बाबा गेले तेव्हा तो झोपत नव्हता, म्हणून पहिली गोळी त्यांनी दिली. त्यानंतर प्रत्येक सुट्टीत घेऊन यायचा. या वेळी दोघांच्या म्हणून जास्तच घेतल्या होत्या. त्यांना वाटलं, खरंच टाकल्या.

सुधीर दारात उभा होता. मी विचारलं, आई मरत होती, आणि तुझ्या बॅगेत होत्या?

"मला पुरल्या नसत्या, उल्का."

पाकीट उचलून बाथरूममध्ये धावले. कमोडचं झाकण उघडलं. आणि तशीच उभी राहिले. एकदम बंद करायचं नाही.

पाकीट कुलपात ठेवलं, आईंच्या औषधाशेजारी. उद्या ओपीडीला दोघांना न्यायचंय.