बाजूला हो म्हणालात म्हणून

अहो,

मी दातांच्या डॉक्टरांकडे जाते आहे, जेवायच्या वेळेला परत येईन. गोळ्या वाटीत काढून ठेवल्या आहेत. टॅब चार्ज केलाय. तुमच्या व्यायामाच्या बाईंचा फोन आला की हिरवं बटण दाबा. इस्त्रीचा शर्ट पलंगावर आहे. बायकोसमोर दिवसभर बनियन चालतो, बाईंसमोर चालत नाही, एवढं कळलंय मला.

आज सगळं बसूनच करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आहे. "काका, काय सुंदर तोल सांभाळता!" असं त्या रोज म्हणतात आणि तुमची कळी खुलते. ती खुर्ची मागून कोण धरून उभं असतं, ते त्यांना दिसत नाही. काल तर तुम्ही मलाच म्हणालात, "जरा बाजूला हो, तू मध्ये येतेस." झाले बाजूला.

उठा, चार पावलं टाका, असं सांगून सांगून वर्षभर माझा घसा बसला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी एकदा गोड हसून सांगितलं मात्र, की स्वारी उभी!

दार ओढून घेते आहे, पण किल्ली मुद्दाम घरातच ठेवली आहे. दुसरी शेजारी असते, ती मी मागणार नाही. बेल वाजवीन. वॉकर घ्या आणि दार उघडायला या. सावकाश या, कितीही वेळ लागू दे, मी बाहेर थांबेन.

आणि तो शर्ट तोवर बदलू नका.