अंगठ्याची कबुली

लिहून ठेवणार देवमन झिंगुजी तायडे, वय वर्षे एकसष्ट, धर्म बौद्ध, पूर्वी कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत नोकर, मूळ गाव हिवरखेड, हल्ली मुक्काम अमरावती. पोटातली गाठ आता काढण्याजोगी राहिली नाही, असे डॉक्टर म्हणतात. डोके मात्र शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, आणि दारूला मी जन्मात शिवलो नाही. म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी मुलगी शालू हिने ते शेवटपर्यंत वाचावे, रागाने मध्येच टाकू नये. तो स्वभाव तिने माझाच घेतला आहे.

एक. अमरावतीचे टिनाचे दोन खोल्यांचे घर शालूचे. मुलगा धर्मपाल अकोल्याला रेल्वेत आहे, त्याला क्वार्टर आहे. हिवरखेडची जागा त्याने घ्यावी आणि वाईट वाटून घेऊ नये.

दोन. सायकल कोणालाही द्यावी, फक्त माझा भाऊ पंजाबराव याला देऊ नये. एकदा नेली तर चाक वाकडे करून आणली, आणि वर म्हणाला, तुही सायकलच वाकडी हाय. बारा वर्षे झाली, मी विसरलो नाही.

तीन. हातघड्याळ आमचे प्रोफेसर शेषराव सर यांना परत करावे. कारण लिहितो.

सन १९५८ मध्ये सरांनी लाल तोंडाची एक माकडीण आणली. तिचे नाव मी शकुन ठेवले. सर सांगत की डोळा नुसता पाहतो, काय पाहिले ते मेंदू ठरवतो. मेंदूतले रस बिघडले तर डोळा धड असूनही फसगत होते, माकडाची आणि माणसाचीही. धोतऱ्याच्या सत्त्वाची सुई दिल्यावर शकुनला आकार ओळखू येतात का, हे त्यांना बघायचे होते. एका पेटीला दोन झाकणे होती, एकावर त्रिकोण, दुसऱ्यावर गोल. त्रिकोणाखाली फुटाणे. बरोबर झाकण उचलले तर खाणे, नाही तर उपास. दुसरे काही द्यायचे नाही, अशी मला सक्त ताकीद होती.

सुई नसली की शकुन कधी चुकत नसे. सुई दिली की बिचारी हवेतच हात मारायची, नसलेले काहीतरी वेचायची, गोलाचे झाकण उचलायची. तीन दिवस जवळजवळ उपाशी होती. उपास काय असतो ते मी लहानपणी पाहिले आहे. चौथ्या दिवशी पेटीमागे उभा असताना मी त्रिकोणाच्या बाजूला अंगठा हलवला. आकार तिला कळत नव्हता, पण हललेला अंगठा कळला. पुढचे चाळीस दिवस ती माझा अंगठा पाहूनच जेवली. सरांना वाटले, औषध अंगवळणी पडले. या औषधाने आकार ओळखण्यात फरक पडत नाही, असे त्यांनी छापले आणि खूश होऊन मला हे घड्याळ दिले. मी घेतले. शकुन दोन वर्षांनी थंडीत मेली. मरेपर्यंत माझ्या अंगठ्याकडे पाहत होती.

चार. सन १९६३ मध्ये माझी पत्नी भागीरथा हिचे हात कापू लागले. अकोल्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्याच धोतऱ्याच्या जातीच्या. चौथ्या दिवशी ती भाकरीवरच्या मुंग्या वेचू लागली. मुंगी एकही नव्हती. ते वेचणे मी ओळखले आणि तसाच सरांकडे गेलो. सर म्हणाले, "अरे, आपल्या शकुनला चाळीस दिवस दिलं. तिला काही झालं का? चालू ठेव."

तिथेच मी तोंड उघडायला हवे होते. लाज वाटली. घरी येऊन मीच तिला म्हणालो, "घे वं, काई होत नाई." तिने माझ्या हातून गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या विहिरीत गेली. शेजारच्या गोदाबाईने पाहिले आणि काय पाहिले ते मला सांगितले. मी तिला गप्प बसवले. तिने सांगितले असते तर गोळीचे निघाले असते, आणि गोळीवरून शकुनचे. भागीरथेने जीव दिला असे पंचनाम्यात आले. खाली माझी सही आहे.

शालू, तू तेव्हा पंधराची होतीस. "आई मले टाकून गेली," एवढे एकदा म्हणालीस, त्यानंतर तिचे नाव काढले नाहीस. मी समोर बसून जेवत होतो. खरे काय ते मला माहीत होते आणि मी घास गिळला.

पाच. दोन्ही झाकणे आणि माझी वही पत्र्याच्या पेटीत आहेत. वहीत ते पहिले तीन दिवस खरे लिहिले आहेत. घड्याळासोबत सरांना द्यावे. त्यांनी जसे छापले तसेच छापून ते खोडावे, कारण त्या गोळ्या अजून लोक घेत आहेत. सरांचा दोष नाही, त्यांना मी फसवले. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तब्येत विचारून परत आलो.

सहा. आईचा फोटो तू पेटीच्या तळाशी ठेवला आहेस. तो काढून भिंतीला लावावा. माझा लावू नये.

सात. गोदाबाईने पाहिलेले मी माझ्या शब्दांत लिहीत नाही. माझ्या शब्दावर आता कोणी का विश्वास ठेवावा? ती बोलली तसे चंद्रभान मास्तरांनी खाली उतरवले आहे.

वरील सर्व मी वाचले, खरे आहे, म्हणून सही करतो.

अमरावती, ता. १९ नोव्हेंबर १९६६
देवमन झिंगुजी तायडे

साक्षीदार
१. चंद्रभान नत्थुजी खंडारे, प्राथमिक शिक्षक. सही.
२. गोदाबाई, शेजारीण. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सांगते की, "मी वाळवण घालून राहिली होती. भागीरथाबाई हात लांब करून विहिरीकडे पयत गेली. काठावर कोनीच नव्हतं, शालू तं तवा शायेत होती. पन ते बाई म्हने, 'शालू, थांब माय, पडशीन तू. आली मी.'"