टेसचा लसमाफीचा अर्ज

डार्ला,

तुझ्या लेकीला, टेसला, लस न देण्याची मुभा मागणारा तो अर्ज टेबलावर तसाच आहे. नोटरीच्या शिक्क्याशिवाय शाळा तो घेणार नाही, ठाऊक आहे मला. काल तू म्हणालीस, "आई, तुला फक्त सही बघायची आहे, कारण नाही." तीस वर्षं नोटरी म्हणून मीही लोकांना हेच सांगत आले.

मार्चमध्ये शेजारच्या लोर्नाने मुलासाठी केलेल्या अशाच अर्जावर मी शिक्का मारला. आज तिचा मुलगा गोवराने ऑक्सिजनवर आहे. तिच्या सोबतीला लबकच्या हॉस्पिटलात चाललेय. माझा धाकटा भाऊ व्हर्न लहानपणी गोवरानेच गेला. पडदे ओढलेली त्याची ती खोली अजून दिसते.

शिक्का हवाच असेल तर बँकेतली नोटरी बाई मारून देईल. मी मारणार नाही. फ्रिजमध्ये घेवड्याचं सूप आहे, टेसला गरम करून दे.

त्या शिक्क्याबद्दल लोर्ना मला एका शब्दानेही दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आई