निघताना दाबायचं बटण

२ फेब्रुवारी
पोचलो बाई एकदाच्या! हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून हॉस्पिटलच्या धोबीखान्याच्या चादरी वाळताना दिसतात. आत्याने आल्या आल्या घरमालकिणीला बोलण्यात असं गुंडाळलं, की सामान लागायच्या आत आम्हाला चहा आणि उशाला दोन जादा उशा मिळाल्या. आई-बाबा गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आता तिला मी आणि मला ती, बाकी आमचं कुणी नाही.

माझं ऑफिस जिन्याखाली आहे. लिफ्ट हलली की टेबल थरथरतं. काम आवडण्यासारखं. कुणी व्हीलचेअर ढकलतं, कुणी पेपर वाचून दाखवतं, ज्या पेशंटकडे कुणीच येत नाही त्यांच्याजवळ कुणी नुसतं बसतं, अशा सगळ्या स्वयंसेवकांच्या पाळ्या मी लावायच्या. सगळं सॉफ्टवेअरवर. दाराशी स्क्रीन आहे, तिथे आपलं कार्ड टेकवायचं, येताना ‘आलो’ दाबायचं आणि निघताना ‘येतो’. निघताना ‘येतो’! माझ्या आधीच्या माणसाने हॉस्पिटलचा अगदी घरचा उंबरा करून टाकलाय. मी एकटीच खो खो हसले.

५ फेब्रुवारी
त्या ‘येतो’ने नुसता घोळ घातलाय. नवी मंडळी आत येतानाच ‘येतो’ दाबतात. वेणीवाली काल दिवसभर वॉर्डात राबत होती आणि माझ्या स्क्रीनवर ती घरी पोचलेली! (ही कॉलेजातली पोर, वेणी कमरेखाली, म्हणून तिला सगळे वेणीवालीच म्हणतात.) शिवाय बायकांनी ‘आलो’ काय म्हणून दाबायचं?

मी दोन्ही शब्द बदलले. ‘आले’ आणि ‘गेले’. बाई स्वतःबद्दल ‘मी आले’ म्हणते आणि पुरुषाला आपण मानाने ‘काका आले’ म्हणतो, म्हणजे एकच शब्द दोघांना चालतो. मीच माझी पाठ थोपटून घेतली. अधीक्षकांनाही पटलं. वरच्या ऑफिसला कळवतो म्हणाले.

९ फेब्रुवारी
आत्याला घरात करमेना, म्हणून तिचंही नाव घातलं. बायकांच्या वॉर्डात जाऊन ती सगळ्यांच्या डोक्याला तेल लावते, वेण्या घालते आणि एकीची गोष्ट दुसरीला सांगते. पहिल्याच दिवशी लाडकी झाली.

पण निघताना बटण कुणी दाबेल तर शपथ! जुनी मंडळी तशीच निघून जातात. शिट्टीकाका व्हीलचेअर ढकलताना शिट्टीवर गाणी वाजवतात. त्यांनी तर स्क्रीनला लांबूनच हात जोडले. म्हणाले, पोरी, मला एवढ्यात जायचं नाही. आत्या त्यांच्यावर कडी. निघताना माणसाने ‘येते’ म्हणावं, हे कसलं अभद्र लिहून ठेवलंयस, म्हणाली. मी म्हटलं, अगं आत्या, मशीनला काय कळतंय? परिणाम एवढाच, की माझ्या स्क्रीनवर कुणी घरी म्हणून जात नाही. आत्याच्या नावापुढे सकाळपासून ‘आले’ आहे ते आहेच. उद्या मीच दारात उभी राहते.

१० फेब्रुवारी
उभी राहिले. बाकीचे मागच्या दाराने सटकले, शिट्टीकाका तेवढे सापडले. त्यांचं मनगट धरून बटण दाबायला लावलं. काकांनी छातीवर हात ठेवून डोळे पांढरे केले आणि भिंतीला टेकले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. स्क्रीनवर आलं: शिट्टीकाका, गेले.

११ फेब्रुवारी
सकाळी त्यांच्या सुनेचा फोन. काका गेले, म्हणाली. झोपेतच. माझ्यासमोर स्क्रीनवर तेच शब्द होते.

वय झालं होतं त्यांचं. संध्याकाळी आत्याने माझ्या आवडीची खिचडी केली, आणि बटणाचा विषय काढला नाही.

१६ फेब्रुवारी
पेशंटना पेपर वाचून दाखवणाऱ्या छत्रीवाल्या मावशीही गेल्या. काल मीच त्यांना बटणापर्यंत नेलं होतं. कुरकुरत दाबलं बिचारीने. अधीक्षक म्हणाले, थंडी आहे, म्हातारी माणसं, होतं असं. होतं असं, मीही मनाला सांगतेय.

१७ फेब्रुवारी
वेणीवाली.

विशीतली पोर. तिला सांगावंसुद्धा लागलं नाही, काल जाता जाता माझ्याकडे बघून हसत तिने बटण दाबलं. सकाळी मैत्रिणी उठवायला गेल्या तर—

मी तासभर स्क्रीनसमोर बसून होते. ज्यांनी दाबलं ते तिघेही नाहीत. बाकीचे सगळे धडधाकट आहेत, कारण ते न दाबता निघून जातात. आत्याच्या नावापुढे अजून ‘आले’. मी तिला रोज यावरून बोलत होते. देवा!

शब्द बदलून टाकला. पुन्हा ‘येतो’ केला.

१८ फेब्रुवारी
सकाळी बघते तर ‘गेले’. वरच्या ऑफिसला माझा शब्द फार आवडला म्हणे. सगळ्या हॉस्पिटलांत तोच लावलाय आणि बदलण्याची सोय काढून घेतलीय. अधीक्षकांनी माझं अभिनंदन केलं.

स्क्रीनवर कागद चिकटवला. वॉचमनने फाडला, त्याला वरून हुकूम. आत्याचं नावच काढून टाकायला गेले. सॉफ्टवेअर म्हणतं, आलेल्या व्यक्तीचं नाव काढता येत नाही, आधी ‘गेले’ करा.

आधी ‘गेले’ करा!

२० फेब्रुवारी
आत्याला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. इतके दिवस दाबत नाही म्हणून बोलणी खाल्ली, आता दाबू नको म्हणून खातेय, तुझं एक काय ते ठरव, म्हणाली. मी रडले तेव्हा मात्र तिने पदराने माझे डोळे पुसले. बरं बाई, नाही दाबत, म्हणाली. तरी तिचं कार्ड मी माझ्या पर्समध्ये ठेवलंय.

२२ फेब्रुवारी
ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी पेशंटना पेपर वाचून दाखवायला यायचा. काल त्याच्या पाया पडून सांगितलं होतं. हसला. मला घाबरवू नका, म्हणाला, आणि माझ्यासमोर दाबलं.

आज त्याचा भाऊ त्याचं कार्ड परत द्यायला आला होता.

२३ फेब्रुवारी
अधीक्षकांनी बोलावलं. मी लोकांना भलतंसलतं सांगते, अशी तक्रार आहे. आणि माझ्या घरातलंच माणूस इतके दिवस ‘आले’? वरून विचारणा झालीय. आजच्या आज स्वतःच्या हाताने ‘गेले’ करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

नाही येत, म्हटलं.

नोकरी गेली चुलीत. उद्या टेम्पो सांगितलाय. आत्या बोचकी बांधतेय. वॉर्डातल्या बायका वाट बघतील, एवढंच म्हणाली. पण मला जरा मोकळं वाटतंय. इथून निघालो की—

२४ फेब्रुवारी
टेम्पो आज आलाच नाही. उद्या सकाळी नक्की, म्हणाला.

मी दोरी आणायला बाजारात गेले होते. परतले तर आत्या पायरीवर बसलेली, चांगलं लुगडं नेसून, खुशीत. अधीक्षकांचा कारकून घरी आला होता. तुमच्यामुळे पोरीची नोकरी जातेय, एक बटण दाबलंत तर सगळं मिटेल, म्हणाला. दुसरं कार्डही घेऊन आला होता.

दाबलं हो, म्हणाली. एवढंसं तर काम. साहेबांनी तुला परत घेतलंय, सोड ती बोचकी.

मी तिला घट्ट धरून बसले. अगं, गुदमरेन ना, म्हणाली. तिच्या अंगाला वॉर्डातल्या तेलाचा वास—

दाबलेलं मागे घ्यायची सोय स्क्रीनवर कुठेच नाही. हेल्पलाइनवाला म्हणाला, ‘गेले’ झाल्यावर परत ‘आले’ करता येत नाही. असं आजवर कुणी विचारलंच नाही म्हणे.

डॉक्टरला आणलं. नाडी उत्तम. तुम्हीच झोपेची गोळी घ्या, मला म्हणाला.

आत्या म्हणते, आता जरा पडते.

२५ फेब्रुवारी
उजाडलं. डोळा कसा लागला माझा? कसा लागला—

रोज ती माझ्या आधी उठते.

पांघरूण डोक्यावरून घेतलंय. सवयच आहे तिची. ते हलतंय की नाही हे मी बघत नाही. चहा टाकलाय, दोन कप. मी हाक मारत नाही तोवर ती झोपलेलीच आहे. झोपू दे. दमलीय.

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय. वाजवू दे.

चहा गार झाला. परत तापवला.

घरमालकीण आलीय, विचारतेय आत्या कुठे. आत्या आहे, म्हटलं. आहे. ती आत चाललीय. थांबा म्हटलं तर— पांघरुणाला हात नका लावू— तिने तोंडावर हात घेतलाय, माझ्याकडे बघतेय, आता काहीतरी म्हणेल. काहीही म्हणा हो, पण तेवढा एक शब्द