नातीचा डॉक्टर आणि अडलेली म्हैस

बाबा, तुम्हाला एक नात आहे. तेरा वर्षांची. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं, म्हणून आधी हेच सांगतो. नाक तुमचं घेतलंय, आवाज माझ्या आईचा. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरातून ती हाक मारते तेव्हा पलीकडच्या रांगेतलं कुत्रं दचकून उठतं. हिवाळ्यात तिच्या गळ्यावर गाठ दिसली. थायरॉईडचा कॅन्सर आहे. 'एवढ्याशा पोरीले?' असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारलं होतं. मानेतल्या गाठींत पसरलाय, फुप्फुसातही ठिपके आहेत. मुलं यातून बरी होतात असं सगळे डॉक्टर सांगतात. मी मान डोलावतो आणि बाहेर येऊन बाकावर बसतो. मला काही पटत नाही.

ऑपरेशन करायचं हे ठरलेलंच होतं. कुणाच्या हातून, एवढंच माझ्यावर सोडलं होतं, आणि त्या एवढ्याशानेच माझी झोप उडवली. आवाजाची नस थायरॉईडच्या मागून जाते, आणि एका बाजूला गाठीनं तिला धरून ठेवलंय. हात चुकला तर आवाज जायचा, भीतभीत कापलं तर आजार आत राहायचा. भंडाऱ्याला माझ्या सासरच्या सोयऱ्यांतलेच एक सर्जन आहेत. देवमाणूस. आपल्या कोंढा गावातल्या अर्ध्या लोकांचं हर्निया आणि अपेंडिक्स त्यांच्याच हातचं. त्यांना ओलांडून जाणं म्हणजे भर पंगतीत पानावरून उठण्यासारखं. बायको म्हणाली, "घरचा डॉक्टर सोडून नागपूरले कायले जाऊन राहिले तुमी? सोयऱ्यायले काय तोंड दाखवू मी?" तिचंही खरं होतं. आपल्याकडे डॉक्टर निवडत नाहीत, डॉक्टर नात्यात असतो.

तेव्हा मला आपली म्हैस आठवली. कोठ्यात ती अडलेली आहे, सकाळपासून कण्हते आहे, रेडकाचा एकच पाय बाहेर दिसतो. शेजारचे काका, तुमचे जिवलग, बाह्या सारून दारात उभे आहेत, आणि तुम्ही त्यांना चहा देऊन खाटेवर बसवून ठेवलंय. मला सायकल देऊन तुम्ही पाठवता आहात बोडीच्या तळ्यापलीकडच्या गावात, म्हशी सोडवणाऱ्या म्हाताऱ्याकडे. "आधी त्यायले विचारजो, तुमच्या हातून मेली का एखादी म्हैस? नाही म्हनले त तसाच माघारी ये. मेली म्हनले, अन् कशी मेली थे सांगतलं, त बसवून आन." म्हातारा कॅरिअरवर बसून वाटभर मेलेल्या म्हशींच्याच गोष्टी सांगत आला. काका असे रुसले की पुढची दिवाळी येईपर्यंत त्यांनी आपल्या अंगणात पाय ठेवला नाही.

मी तोच प्रश्न घेऊन भंडाऱ्याला गेलो. आपल्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्या हातून कोणाचा आवाज गेला नाही, जावईबापू. चिंता करू नका." लहान मुलांची अशी ऑपरेशनं किती केलीत, असं विचारलं तर हसले. "अहो, पोरायमध्ये हे येते कुठं?" माणूस खोटं बोलत नव्हता, आणि मला तिथेच रडू आलं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई थायरॉईडचीच ऑपरेशनं करतात, मोठ्यांची आणि मुलांचीही, आणि मुलांचे हार्मोनचे डॉक्टर त्यांच्या सोबत बसतात. त्यांना विचारलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. "गेला आहे. एका मुलीचा. तुमच्या मुलीएवढीच होती." कुठे नस सापडली नाही, कुठे हात थांबवायला हवा होता, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "हिचा राहील असं वचन मी देणार नाही." असल्या बोलण्यावर कोणी पोर हवाली करतं का? मी केली. सोयऱ्यांचे फोन बंद झाले. ऑपरेशन सोमवारी आहे.

माणूस बरोबर निवडलाय, हे मला कळतं. पण बाबा, म्हातारासुद्धा बरोबरच निवडला होता ना आपण? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. दुपार टळेपर्यंत तो चिखलात गुडघे टेकून होता. आधी रेडकू गेलं, मग म्हैस. तुम्ही त्याच्या हातांवर पाणी ओतलं, त्याला जेवू घातलं, स्वतः सायकलवर सोडून आलात, आणि त्याला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे आयुष्यभर तुम्ही तोच नियम सांगत राहिलात. कोणत्या बळावर सांगत होतात, हे विचारायचं राहिलं. मला त्याची आज गरज होती.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पोरीच्या हाती लागू नये, एवढंच बघायचं आहे. कारण आज संध्याकाळी तिने विचारलं, "पप्पा, याच डॉक्टर काहून?" मी तिला तुमची गोष्ट सांगितली. काका, सायकल, म्हातारा, सगळं. ती कान देऊन ऐकत होती.

"मंग म्हैस वाचली?"

"वाचली."

"अन् रेडकू?"

तेही वाचलं, म्हटलं. रंग कसा होता, असं विचारायला लागली. काळं होतं, आणि कपाळावर पांढरा ठिपका होता, हेसुद्धा मी सांगून टाकलं.